शिडाचा दोर आणि माणसाचा हात

वाऱ्याने भरलेले शीड ओढून धरायचे म्हणजे प्रत्यक्ष वाऱ्याशीच ओढाताण करायची. मोठ्या गलबतांवर हे काम दहा-वीस खलाशी मिळून करीत. परंतु पंचवीस फुटी होडीवर माणसे दोन, पुष्कळदा एकच. अशा होडीवर दोर ओढण्यासाठी जे छोटे यंत्र बसविलेले असते, त्याला विंच म्हणतात. हे यंत्र जुने झाले म्हणजे बदलावे का, बदलल्यास कोणते घ्यावे आणि ते बसवावे कसे, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय आहे. ज्यांनी शिडाच्या होडीत कधी पाय ठेवला नाही त्यांनीही तो परका मानू नये. कारण यातले शास्त्र आपल्या गोठ्यात आणि विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहे.

उधळलेल्या बैलाला गडी नुसत्या हातांनी आवरीत नाही. तो दाव्याचे दोन-तीन वेढे खुंट्याला देतो आणि मोकळे टोक धरून स्वस्थ उभा राहतो. बैलाचा जोर दोर आणि खुंटा यांच्या घर्षणात जिरतो. अठराव्या शतकातील गणिती ऑयलर याने या घर्षणाचे गणित मांडले. त्याचे मर्म असे की, वेढे बेरजेने वाढतात, पण पकड गुणाकाराने वाढते. घर्षणाचा अंक ०.१५ धरला, तर एका वेढ्याने ताण सुमारे अडीचपट कमी होतो, दोन वेढ्यांनी साडेसहापट आणि तीन वेढ्यांनी जवळजवळ सतरापट. म्हणजे शंभर किलोचा ताण सहा किलोंच्या जोराने धरून ठेवता येतो. विंचचे उभे पिंप म्हणजे हा खुंटाच होय.

पण खुंटा नुसता धरतो, ओढत नाही. ओढण्यासाठी रहाट हवा. पिंपाच्या डोक्यावर दांडा बसवून तो फिरवायचा. दांडा २५ सेंटिमीटर लांब आणि पिंपाची त्रिज्या ३.२ सेंटिमीटर असेल, तर हाताचा जोर सुमारे आठपट होतो. आत दंतचक्रे घातली की तो आणखी वाढतो. विंचच्या नावापुढे जो ८, १६, ३० असा आकडा असतो, तो बहुधा हीच पट सांगतो. मात्र निसर्ग फुकट काहीच देत नाही. सोळापट जोर हवा असेल, तर एक हात दोर ओढण्यासाठी दांड्याच्या मुठीला सोळा हात प्रवास घडवावा लागतो. दोन गतींच्या विंचमध्ये म्हणूनच सोय अशी असते की, दांडा एका दिशेने फिरविला म्हणजे दोर भरभर येतो, उलट दिशेने फिरविला म्हणजे सावकाश पण जोराने येतो.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. शिडाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यावे, त्याला वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने गुणावे (वेग नॉटमध्ये) आणि पुन्हा ०.०२१ ने गुणावे. म्हणजे पुढच्या शिडाच्या दोरावरचा ताण अदमासे किलोंत मिळतो. पंधरा चौरस मीटरच्या शिडाला दहा नॉट वाऱ्यात सुमारे ३२ किलो ताण येतो, तर वीस नॉट वाऱ्यात १२६ किलो. वारा दुप्पट, पण ताण चौपट! आठपटीच्या विंचवर या १२६ किलोंसाठी हाताला १६ किलो जोर लावावा लागेल असे कागद म्हणतो. घर्षणाचा तोटा धरला तर तो वीस-पंचवीस किलोंवर जातो. तोच १६ आकड्याच्या विंचवर निम्मा होतो. साठीच्या गृहस्थाने एकट्याने होडी हाकावी की तिच्यावर पाणी सोडावे, हे पुष्कळदा या हिशेबावर ठरते.

परंतु नवे यंत्र घेण्यापूर्वी जुने उघडून पाहावे. पिंप जड फिरते ते बहुधा म्हातारपणाने नव्हे, तर खारटलेल्या जुन्या ग्रीसमुळे. ते रॉकेलने धुऊन दंतचक्रांना पातळसे ग्रीस द्यावे. मात्र पिंपाला उलटे फिरू न देणारे जे छोटे खटके असतात, त्यांना ग्रीस न लावता हलके तेलच द्यावे. ग्रीसने खटका चिकटला आणि ऐन ताणात सुटला, तर दांडा उलटा फिरून मनगट मोडतो. दांडा आखूड असेल तर तेवढाच बदलून पाहावा. वीसऐवजी पंचवीस सेंटिमीटरचा दांडा घेतल्याने जोर सव्वापट होतो. चक्रांचे दात झिजले असतील किंवा हिशेबच अपुरा पडत असेल, तरच नवे विंच घ्यावे.

नव्या विंचमध्ये सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे दोराचे मोकळे टोक आपणच धरून ठेवणारी खाच. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ३२ फुटी ‘सुहेली’तून, आणि ती होडी आपल्या मुंबईत बांधलेली होती. २००९-१० मध्ये भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. एकट्या नाविकाची अडचण साधी असते : एक हात सुकाणूवर, दुसरा दांड्यावर, मग दोर कोणी ओढायचा? पिंपाच्या माथ्यावरची कंगोरेदार खाच हा तिसरा हात पुरविते. मात्र दोराची जाडी त्या खाचेला जुळली पाहिजे. दोर बारीक असेल तर तो सटकतो.

बसविण्याच्या कामात घाई नको. नव्या विंचची भोके जुन्या भोकांवर क्वचितच येतात. फायबरच्या होडीचे छत पुष्कळदा दोन थरांमध्ये बाल्साचे हलके लाकूड घालून केलेले असते. उघड्या भोकातून पाणी शिरले की ते कुजते. म्हणून भोक मोठे पाडून इपॉक्सीने भरावे आणि ते घट्ट झाल्यावर त्यातून बोल्टापुरते भोक पाडावे. खालून जाड पट्टी द्यावी, म्हणजे ताण वाटला जातो. दोर पिंपाकडे किंचित खालून, पाच-दहा अंश चढत यावा. तो वरून आला तर वेढ्यावर वेढा चढून गाठ बसते आणि वाऱ्याच्या झोतात शीड सैल सोडता येत नाही. होडी उलटण्याची वेळ अशाने येते.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. मोठे विंच माणसाचा हात बळकट करते, वारा हलका करीत नाही. दोर, शीड, बोल्ट आणि खालचे छत यांची ताकद होती तेवढीच राहते. पूर्वी हात दमला म्हणजे माणूस शीड आखडून घेई. थकवा हाच त्याचा इशारा होता. नवे यंत्र तो इशारा देणार नाही. म्हणून हाताला जड लागत नसले, तरी आकाशाकडे आणि पाण्याकडे पाहून वेळीच शीड आखडावे. यंत्राने वाचविलेले बळ या सावधपणासाठी खर्च झाले, तरच केलेला खर्च सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.