सेडान गाडीला परवडणारे टायर : घेताना काय पाहावे

परळीच्या मोंढ्यात आणि बाजारपेठेत आजकाल सिटी, व्हर्ना, व्हेन्टो, रॅपिड अशा चपळ गाड्या बऱ्याच दिसतात. पुष्कळशा पुण्या-मुंबईहून जुन्या विकत आणलेल्या असतात. गाडी घेताना इंजिनचा आवाज ऐकला जातो, रंग पाहिला जातो, एसी लावून पाहिला जातो. टायरकडे लक्ष जाते ते पहिल्या पावसात गाडी घसरली किंवा अंबाजोगाईच्या रस्त्यावर एखादा टायर बसला तेव्हा. मग दुकानात जाऊन चार टायरचा आकडा ऐकला की तोंडातून एकच प्रश्न निघतो, "यात हलके काय आहे?"

आम्ही कापडवाले, टायरचे दुकानदार नव्हे. पण सोलापूर, मालेगाव, सुरत असा माल आणायला फिरावे लागते, आणि माल पाहून घेण्याची सवय हाडात मुरलेली आहे. ताका हातात आला की पन्ना, काउंट आणि रंग पाहिल्याशिवाय आपण भाव विचारत नाही. टायरचेही तसेच आहे. त्याचे सगळे कूळ त्याच्या बाजूवर छापलेले असते, फक्त वाचता आले पाहिजे.

समजा, बाजूवर १८५/५५ आर १६ ८३ व्ही असे लिहिले आहे. १८५ हा टायरचा पन्ना, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूची उंची त्या पन्न्याच्या ५५ टक्के. १६ हे रिमचे इंच. ८३ हा वजनाचा आकडा आहे, एका टायरला ४८७ किलोपर्यंत भार चालतो. शेवटचे अक्षर वेगाचे : टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच २१०, व्ही २४०. आपल्याला २४० ने कुठे जायचे आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसतो, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात ती गोष्ट लहान नाही. कंपनीने गाडीला जे अक्षर आणि जो भाराचा आकडा दिला आहे त्याच्या खाली उतरू नये. पैसे वाचवायला दुसऱ्या जागा आहेत.

त्याच बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ असेल तर टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर गोदामात पडून पडूनही म्हातारे होते, कडक होते, बारीक भेगा धरते. वर्षभराच्या आतला टायर मागावा. दोन वर्षांपूर्वीचा असेल तर भाव पाडून घ्यावा, आणि त्याहून जुना असेल तर तो गेल्या सणाचा न खपलेला माल समजून दुकानदाराकडेच राहू द्यावा. जुनी गाडी घेतानाही हेच चार आकडे आधी पाहा. नक्षी भरपूर आहे पण टायर सात-आठ वर्षांचा आहे, अशी गाडी घेणाऱ्याने चार टायरची किंमत सौद्यातून कापून घेतलीच पाहिजे. नक्षी किती उरली हे पाहायला फूटपट्टी लागत नाही. खाचांच्या तळाशी रबराची छोटी उंचवटी असतात, ती १.६ मिलिमीटरची. नक्षी झिजून त्यांच्या पातळीवर आली की कायद्यानेही टायर संपला.

आता भावाचा हिशेब. टायर नगावर महाग-स्वस्त ठरत नाही, किलोमीटरवर ठरतो. समजा, एक टायर ४,५०० रुपयांना आहे आणि ३५ हजार किलोमीटर चालतो. किलोमीटरला सुमारे १३ पैसे पडले. दुसरा ६,००० चा आहे आणि ५५ हजार चालतो, तो ११ पैशांत बसला. महागडाच स्वस्त निघाला. मात्र याच हिशेबात एक मेख आहे. जास्त चालणारे रबर सहसा कडक असते, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड कमी धरते. अपोलोचा अमेझर किंवा सीएटचा मायलेज हे टायर दीर्घ आयुष्यासाठी काढलेले आहेत, जाहिरातीत लाख किलोमीटरचीही गोष्ट होते. टॅक्सीला आणि शांतपणे चालवणाऱ्याला ते उत्तम. पण ज्याची गाडी जोरकस आहे आणि रात्री-अपरात्री रस्त्यावर असते, त्याने निव्वळ आयुष्याच्या मागे लागू नये. आपल्या रस्त्यांवर उसाची ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय उभी असते, औष्णिक केंद्राच्या राखेच्या गाड्यांतून सांडलेली राख पहिल्या सरीला चिखल होते. तिथे चार हात आधी थांबणे याची किंमत पैशांत होत नाही. त्याच कंपन्यांच्या मधल्या मालिका, म्हणजे अपोलोचा अल्नॅक, सीएटचा सिक्युराड्राइव्ह, एमआरएफ, जेके, गुडइयर, योकोहामा यांचे त्या दर्जाचे टायर पाहावेत. मिशेलिन चांगला, पण ज्याचा खिसा आवळलेला आहे त्याने त्यासाठी अडून राहू नये. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला गुडइयरचा कारखाना आहे, म्हणजे चांगला टायर दूरदेशीच बनतो असेही नाही.

खरी बचत कुठे आहे ते सांगतो. याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलला कंपनी दिसण्यासाठी मोठी रिम देते. २०१७ नंतरच्या सिटीत वरच्या मॉडेलला १८५/५५ आर १६ आणि खालच्या मॉडेलला १७५/६५ आर १५ टायर आले. दोन्हींची पूर्ण उंची मोजली तर जवळपास ६१० आणि ६०९ मिलिमीटर, म्हणजे एकच. २०१७ च्या व्हर्नात १९५/५५ आर १६ आणि १८५/६५ आर १५ यांचेही असेच. फरक बाजूच्या उंचीत आहे : सिटीत सोळा इंचीला १०२ मिलिमीटर, पंधरा इंचीला ११४. खड्ड्यात रिम आणि दगड यांच्या मध्ये हेच रबर असते. बुटक्या बाजूचा टायर खड्ड्यात आपटला की आतले धागे तुटतात, बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. पंधरा इंची टायर सहसा स्वस्तही मिळतो. म्हणून ज्याला खड्ड्यांचा रस्ता रोजचा आहे, त्याने आपल्याच मॉडेलच्या खालच्या प्रतीच्या मूळ रिम जुन्या बाजारात मिळतात का पाहावे. मात्र आधी एक रिम लावून फिरवून पाहावी, ब्रेकला घासता कामा नये. उलट काही तरुण मंडळी शोभेसाठी रुंद टायर आणि मोठी रिम बसवतात. त्यात पेट्रोल जास्त जाते, वळताना चाक आत घासते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

जुन्या टायरबद्दल थोडक्यात. रिमोल्ड ट्रकच्या मागच्या चाकांना चालतो, वेगवान कारला नको. झिजलेल्या टायरवर गरम पात्याने खाचा कापून नक्षी 'नवी' करून विकतात, त्यापासून तर शंभर हात दूर राहावे. हात घातलाच तर नव्या गाडीवरून उतरवलेल्या टायरला घालावा. काही मालक शोरूममधून गाडी निघताच टायर बदलतात, ते उतरवलेले टायर मोठ्या शहरांतल्या दुकानांत बऱ्याच कमी भावात मिळतात. तारीख आणि आतली बाजू पाहून घ्यावी. आत ठिगळ किंवा काळी भुकटी दिसली की परत करावा. परदेशी स्वस्त टायरची आशा आता फारशी धरू नये, जून २०२० पासून आयातीला सरकारी परवाना लागतो.

पैसे दोनच टायरचे असतील तर ते कोणत्या चाकांना लावावेत? या गाड्यांत पुढची चाके ओढतात आणि पुढचीच लवकर झिजतात, म्हणून मिस्त्री नवे टायर पुढे लावून देतो. हे चूक आहे. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी भल्याभल्यांना सावरत नाही. नवे दोन मागे, मागचे बरे असतील तर पुढे.

हवेबाबत आपल्याकडे एक जुना समज आहे, उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरावी. नेमके उलटे आहे. हवा कमी असली की बाजूची भिंत दर फेऱ्याला वाकते आणि त्या वाकण्याने टायर तापतो. ताशी १२० पर्यंतच्या मर्यादेने समृद्धीवर जालन्याहून चढलेली गाडी तासन्‌तास ब्रेक न लावता धावते, तिथे असा टायर फुटतो. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर आकडा दिलेला असतो, बहुतेक गाड्यांत ३२-३३ च्या आसपास, आणि कापडाचे गठ्ठे व पाच माणसे असतील तर त्याहून जास्तीचा. हवा सकाळी, चाके थंड असताना मोजावी. तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा काढू नये.

भाव करताना हेही लक्षात ठेवा की २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. पक्के बिल घ्यावे, त्यावर चारही टायरचे नंबर लिहून घ्यावेत. कारखान्याचा दोष निघाला तर हमी त्या कागदावरच मिळते. टायर बसवताना व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगावे, त्यांची किंमत नगण्य असते. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करावी, नाहीतर पाच हजार किलोमीटरमध्ये एक कड खाऊन टाकलेली दिसेल. आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की चाकांचे नट एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.