पेटीविना ध्वनिक्षेपक : मोकळ्या फळीचे गणित

ध्वनिक्षेपक म्हटला की डोळ्यांसमोर येते ती बंद लाकडी पेटी. घरच्या घरी स्पीकर बांधणाऱ्या हौशी मंडळींमध्ये मात्र एक वर्ग असा आहे, की जो ही पेटीच नाकारतो. एका उभ्या फळीला गोल भोके पाडायची, त्यांत स्पीकर बसवायचे आणि मागची बाजू उघडी ठेवायची, एवढीच ही रचना. तिला ‘ओपन बॅफल’ म्हणतात. तारस्वरांसाठी तिच्या जोडीला अनेकदा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीचा ‘रिबन’ ट्वीटर घेतला जातो. सुतारकाम थोडे असल्याने हा मार्ग सोपा वाटतो. परंतु पेटी टाळून जे वाचते त्याचे मोल दुसरीकडे चुकवावे लागते. ते आधी जाणून घेतले नाही, तर देखणा पण खर्ज हरवलेला स्पीकर पदरी पडतो.

ही कल्पना नवी नाही. शंकूच्या आकाराच्या पडद्याचा आधुनिक स्पीकर जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली जगापुढे मांडला. त्यानंतरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना मागे बहुधा भोकाभोकांचा पुठ्ठा असे. म्हणजे तो स्पीकर मागून मोकळाच होता. एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतील हवेचा स्प्रिंगसारखा उपयोग करणारा एआर-१ हा स्पीकर १९५४ मध्ये आणला आणि छोट्या पेटीतूनही खोल खर्ज मिळू लागला.

पेटी मुळात हवी कशाला, हे हातपंख्याच्या उदाहरणाने समजते. पंखा सावकाश हलवला, तर पुढची हवा कडेने वळसा घेऊन मागे जाते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढे हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे विरळ होते. मंद्र स्वरांच्या तरंगलांबीपुढे फळी अगदीच लहान असल्याने पुढचा दाब आणि मागची विरळता फळीच्या कडेवरून एकमेकांना भेटतात व बरेचसे रद्द होतात. पेटी मागचा आवाज कोंडून ही भेट टाळते.

मग ती टाळण्याऐवजी स्वीकारायची कशासाठी? पेटीत कोंडलेला आवाज तिच्या भिंतींना कंप देतो आणि पातळ पडद्यातून उशिराने बाहेरही झिरपतो. मोकळ्या फळीत हे दोन्ही दोष उरत नाहीत. दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. पुढचा व मागचा आवाज विरुद्ध असल्याने फळीच्या दोन्ही बाजूंना ते परस्परांना छेदतात आणि आवाजाचा पसारा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होतो. यालाच द्विध्रुव अथवा डायपोल म्हणतात. श्रोत्याला समोरून तेवढाच आवाज देताना आदर्श द्विध्रुव खोलीत एकतृतीयांशच ध्वनिऊर्जा सोडतो. बाजूच्या भिंतींवरून येणारे पडसाद क्षीण होतात आणि खोलीतला खर्जाचा घुमाराही कमी त्रास देतो.

आता खर्चाची बाजू. सुमारे ४० सेंटिमीटर रुंद फळीच्या मध्यावर स्पीकर बसवला, तर मागच्या आवाजाला पुढे यायला साधारण २० सेंटिमीटरचा वळसा पडतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरल्यास अशा फळीचा आवाज सुमारे ८६० हर्ट्झला सर्वाधिक उठतो. ३०० हर्ट्झच्या खाली तो बंद पेटीपेक्षा मागे पडू लागतो आणि पुढे दर सप्तकाला ६ डेसिबलने घसरतो. ७५ हर्ट्झला ही तूट १२ डेसिबलची होते. ती भरून काढायची तर पडद्याला चौपट हालचाल आणि अ‍ॅम्प्लिफायरला सोळापट शक्ती लागते. स्वर एक सप्तक खाली नेताना आवाज तेवढाच राखायचा असेल, तर बंद पेटीतील पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. द्विध्रुवाला मात्र आठपट. म्हणूनच यशस्वी रचनांत १२ किंवा १५ इंची मोठे वूफर, अनेकदा जोडीने, वापरलेले दिसतात. कित्येकदा फळीच्या कडा पुढेमागे वाढवून इंग्रजी एच अक्षरासारखी चौकट करतात, म्हणजे वळसा लांबतो.

हे गणित हौशी कारागिरांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे श्रेय सिगफ्रीड लिंक्विट्झ यांना जाते. जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची उपकरणे घडवणारे हे अभियंते २०१८ मध्ये निवर्तले. स्वरपट्टे विभागणाऱ्या क्रॉसओव्हरवरील त्यांचा शोधनिबंध १९७६ चा. सहकारी रसेल रायली यांच्यासह त्यांचे नाव त्या फिल्टरला कायमचे जोडले गेले. ‘ओरायन’ आणि ‘एलएक्स५२१’ हे त्यांचे मोकळ्या फळीचे आराखडे अनेकांनी घरी बांधले. त्यांत तारस्वरांसाठी रिबनऐवजी घुमटाकार ट्वीटर आहेत. ‘ओरायन’च्या सुधारित आवृत्तीत मागच्या बाजूलाही एक ट्वीटर आला, कारण मागचा आवाजही पुढच्याइतकाच समतोल असावा लागतो.

रिबन ट्वीटर मागून उघडा असेल, तर तो स्वभावतःच द्विध्रुव असतो. सीमेन्समधील वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेर्लाख यांनी १९२० च्या दशकात ही रचना साकारली. दोन चुंबकांच्या मध्ये चुण्या पाडलेली धातूची पट्टी टांगायची आणि तिच्यातूनच विद्युतप्रवाह सोडायचा. १० सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद आणि १० मायक्रॉन जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अवघी २७ मिलिग्रॅम भरते. इतक्या हलक्या पट्टीला झटपट हलणे व थांबणे सहज जमते.

मात्र तिचा विद्युतरोध ०.०३ ओहमच्या जवळपास असतो. ४ ते ८ ओहमसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ती थेट जोडणे म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किट करणेच होय. ८ ओहमशी मेळ घालण्यासाठी मध्ये साधारण १६ ला १ वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर लागतो. एवढी लहान पट्टी खालचे स्वर पेलू शकत नाही, म्हणून तिला सुमारे ३००० हर्ट्झच्या वरचेच काम देणे आणि खालचे स्वर तीव्र उताराच्या फिल्टरने रोखणे श्रेयस्कर. उभ्या दिशेला तिचा आवाज फारसा पसरत नसल्याने ती बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर हवी. बाजारातील पुष्कळ रिबन ट्वीटर मागून बंद असतात, हे विकत घेताना तपासावे. घरी रिबन बांधणाऱ्यांनी निओडिमियम चुंबक जपून हाताळावेत; मोठे तुकडे एकमेकांवर आदळून बोटे चेचतात, आणि पेसमेकर असलेल्यांनी त्यांच्यापासून दूर राहावे.

उरतो प्रश्न जागेचा. फळी मागच्या भिंतीपासून किमान एक मीटर पुढे हवी. तेव्हा भिंतीवरचा पडसाद सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येतो आणि मूळ आवाजात मिसळून तो गढूळ करत नाही. शहरी घरातल्या दिवाणखान्यात एवढी जागा सोडणे ही कित्येकदा लाकूड, चुंबक आणि तारा यांहून महाग बाब ठरते. तेव्हा करवत उचलण्याआधी मोजपट्टी उचलावी. खोलीची लांबी, वूफरचा आकार आणि अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती या तिन्हींचा हिशेब जुळत असेल, तर साध्या फळीतून निघणारा मोकळा स्वर त्या श्रमांचे चीज करतो. हिशेब जुळत नसेल, तर चांगली बांधलेली बंद पेटी पत्करणे अधिक शहाणपणाचे.