मुक्या सोबत्याचे आजारपण

दहा-बारा वर्षे ज्याने उंबरठा राखला, घरातील मुलांबरोबर जो वाढला, त्या कुत्र्याच्या अंगावर एके दिवशी गाठ हाताला लागते. तपासणीअंती कर्करोगाचे निदान होते आणि घरात मतभेद सुरू होतात. मुले म्हणतात, वाटेल तो खर्च होवो, शस्त्रक्रिया करू. आजी म्हणते, या वयात त्या मुक्या जिवाला कशाला कापता? दोघांच्याही बोलण्यात मायाच असते. परंतु अशा वेळी मायेला माहितीची जोड हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

हैदराबादकरांना सल्ल्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नारायणगुड्यातच शासनाचे सुपर स्पेशालिटी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे. राजेंद्रनगरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे गेल्यावर प्रथम विचारावे ते हे की, कर्करोग कोणत्या प्रकारचा आहे आणि तो पसरला आहे काय? सुईने पेशी काढून केलेली तपासणी, रक्ततपासणी व छातीचे क्ष-किरण चित्र यांवरून पुष्कळसा उलगडा होतो.

कर्करोग हा शब्द एकच असला तरी रोग अनेक आहेत. संसर्गाने होणारा जननेंद्रियांचा अर्बुद व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुधा पूर्ण बरा होतो. मादीच्या स्तनांतील गाठींपैकी सुमारे निम्म्या साध्या असतात. लहान असतानाच काढल्यास त्यांचा त्रास संपतो. लसिका ग्रंथींच्या कर्करोगात अनेक औषधांच्या संयुक्त उपचाराने सर्वसाधारणपणे वर्षभराचे आयुष्य लाभते, केवळ स्टेरॉइडवर एक-दोन महिने. हाडाच्या कर्करोगात पाय काढल्याने असह्य वेदना थांबतात, पण छातीत पसरलेला रोग थांबत नाही.

केवळ वय झाले एवढ्यावरून उपचार नाकारू नयेत. हृदय, मूत्रपिंडे व यकृत ठीक असतील तर म्हातारे कुत्रेही भूल सहन करते. कुत्र्यांना रसायनोपचार देताना औषधाची मात्रा बेताचीच ठेवतात. रोगाचा समूळ नाश करण्यापेक्षा उरलेले दिवस सुखाचे जावेत, हा त्यामागील हेतू असतो. मात्र दर आठवड्याच्या फेऱ्या, सुया आणि खर्च या गोष्टी घराला व त्या प्राण्याला झेपतील काय, याचा विचार आधीच करावा. पैशाची मर्यादा डॉक्टरांना मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही.

अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस अधिक आहेत काय, अशा सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यावयाचे. प्रत्येक बाबीत स्थिती जितकी चांगली तितके गुण अधिक. एकूण ३५ हून अधिक गुण झाले तर शुश्रूषा चालू ठेवावी. घरी याहून सोपे करता येईल. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत रोज बरा दिवस की वाईट, एवढी खूण करावी. पंधरा दिवसांनी ते पान घरातील सर्वांनी मिळून पाहावे. वादाला जेथे उत्तर सापडत नाही तेथे त्या खुणा पुष्कळ काही सांगून जातात.

वेदनाशामक औषध मात्र डॉक्टरांकडूनच घ्यावे. आपल्या कपाटातील आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला घातक ठरू शकते.

आणि वाईट दिवसच उरले तर? अत्यंत पीडित प्राण्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरू शकते, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या तेराव्या कलमानेही मानले आहे. पशुवैद्य भुलीच्या औषधाची अधिक मात्रा देऊन झोपेतच शेवट करतात. महाभारतातील धर्मराजाने स्वर्गाच्या दारीही कुत्र्याची साथ सोडली नाही, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्या शेवटच्या घटकेला घरचे माणूस जवळ असावे, ओळखीचा हात त्याच्या डोक्यावर असावा. उपचार करावयाचे ठरो वा न ठरो, एवढी सोबत प्रत्येक घराला देता येण्याजोगी आहे.