कोलंबोचे वार्तापत्र : परवडणारा देश कोणता?

कोलंबो : मार्च उजाडला की काळाचौकी, घोडपदेव, अभ्युदयनगर या भागांतल्या घरांत मेच्या सुट्टीचा हिशोब मांडला जातो. पूर्वी त्यात गावचे एसटीचे आरक्षण आणि आंब्याची पेटी असे. आता बऱ्याच घरांत परदेशवारीचाही विषय निघतो. दोन पगारांच्या घरात चार माणसांचे पासपोर्ट तयार असतात आणि प्रश्न उरतो तो एकच : आपल्याला परवडेल असा देश कोणता? याचे उत्तर साधारण तीन ठिकाणी शोधले जाते. विमान कंपनीने कुठल्या शहराचे तिकीट स्वस्त केले आहे ते पाहिले जाते, सहल कंपनीच्या जाहिरातीतला 'पाच रात्री सहा दिवस' हा आकडा पाहिला जातो, किंवा आपल्या एका रुपयाला तिथले किती मिळतात ते विचारले जाते. श्रीलंकेकडे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की ही तिन्ही मापे फसवी आहेत. देश परवडणारा आहे की नाही हे तिथला सामान्य माणूस ज्या बसने कामाला जातो, ज्या खानावळीत जेवतो आणि ज्या रेल्वेने गावी जातो, त्या सोयी परक्या माणसाला किती सहज वापरता येतात यावर ठरते.

कॉटन ग्रीनच्या वाचकाला ही विचारपद्धत अनोळखी वाटू नये. कुलाब्याचा कापूस बाजार 1920 च्या दशकात शिवडीच्या बाजूला हलला आणि जुन्या जागेचे नावही सोबत घेऊन आला. त्या बाजारात गाठीचा भाव एक असे आणि तीच गाठ लिव्हरपूलच्या किंवा कोबेच्या धक्क्यावर उतरेपर्यंतचा भाव दुसरा. हमाली, गोदामभाडे, जहाजभाडे, विमा हे सगळे मध्ये येई आणि खरा सौदा दुसऱ्या भावावर ठरे. सहलीतही विमानाचे तिकीट हा फक्त गाठीचा भाव आहे. मुंबई ते कोलंबो हे अंतर दीड हजार किलोमीटरांच्या आसपास, थेट विमानाने सुमारे अडीच तासांचे, आणि 2006 पासून श्रीलंकेचे घड्याळही भारताच्या वेळेवर चालते. पण एवढ्याने देश स्वस्त ठरत नाही. कातुनायकेच्या विमानतळावर उतरल्यापासून परत चढेपर्यंत रोज किती खर्च होतो ते पाहावे लागते, आणि आठवडाभर राहणाऱ्या चौघांच्या घरात ही रोजची रक्कम बघता बघता तिकिटांवर मात करते.

विनिमय दराचा मोह सर्वांत मोठा, म्हणून तो आधी मोडून काढू. 2022 च्या आधी एका भारतीय रुपयाला पावणेतीनच्या आसपास श्रीलंकन रुपये मिळत. त्या वर्षी देशाची परकीय गंगाजळी आटली. 2019 च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनी पर्यटन बसले होते, त्याच वर्षाअखेरच्या करकपातीने तिजोरी रिकामी केली, मग कोविड आला, 2021 मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घालून सरकारने शेतीही पाडली. एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परकीय कर्ज फेडता येत नसल्याचे जाहीर केले आणि जुलैत राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले. रुपया घसरून आपल्या एका रुपयाला साडेचारपर्यंत मिळू लागले. पुढे तो साडेतीनच्या आसपास स्थिरावला. म्हणजे इथे सगळे तिप्पट स्वस्त आहे काय? मुळीच नाही. त्याच वर्षी महागाईचा दर सत्तर टक्क्यांच्या घरात पोहोचला होता. रुपया घसरला तशा किमतीही चढल्या. व्हिएतनाममध्ये आपल्या एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळतात, म्हणून तिथे कोणी तीनशेपट श्रीमंत होत नाही. शून्ये मोजून देश निवडू नये. त्या चलनात एक जेवण आणि शंभर किलोमीटरचा प्रवास केवढ्याला पडतो, एवढेच विचारावे.

या दोन प्रश्नांना श्रीलंकेचे उत्तर चांगले आहे आणि त्यामागे इतिहास आहे. हा देश महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिस्स्याएवढा, लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आतबाहेर. 1958 मध्ये इथली बससेवा राष्ट्रीय झाली. नंतर खासगी बसगाड्या परत आल्या, तरी सरकारी लाल बस आजही खेड्यापाड्यांत जाते आणि तिच्यावर टाटा किंवा अशोक लेलँडचे नाव दिसते. विमानतळावरून शहरात यायला 187 क्रमांकाची बस आहे. रेल्वे 1864 पासूनची, रुळांची रुंदी आपल्या ब्रॉडगेजएवढीच. उत्तरेचा गृहयुद्धात उखडलेला मार्ग आपल्या सरकारी इरकॉन कंपनीने पुन्हा बांधला आणि 2014 मध्ये गाडी परत जाफन्याला पोहोचली. कोलंबोच्या फोर्ट स्थानकावर बिनआरक्षित दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचे तिकीट खिडकीवर त्याच दिवशी मिळते, आणि हार्बर लाइनवर उभे राहायची सवय असलेल्या माणसाला त्यात जड वाटण्यासारखे काही नाही. जेवणाचेही तसेच. दुपारी कोपऱ्याकोपऱ्यावर भाताचे पुडके मिळते : भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुराची आमटी, दोन भाज्या, खोबऱ्याची चटणी. हे पर्यटकांसाठी शिजवलेले नसते, कार्यालयांत आणि गोदीवर काम करणाऱ्यांसाठी शिजवलेले असते, म्हणूनच ते स्वस्त राहते. शिवाय 1940 च्या दशकापासून शिक्षण मोफत असल्याने साक्षरता मोठी आहे, पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आहेत; परका माणूस बसची पाटी स्वतः वाचू शकतो. ही बारीक गोष्ट वाटेल, पण गाइड आणि खासगी गाडी यांवरचा खर्च तिथेच वाचतो. आणि ज्यांना रिक्षाच हवी त्यांच्यासाठी रस्तोरस्ती बजाजची तीनचाकी उभी आहे. भाव ठरवण्याची कटकट नको असेल तर 'पिकमी' या इथल्या ॲपवर भाडे आधीच कळते. फेब्रुवारी 2024 पासून अनेक दुकानांत आपले यूपीआयही चालते.

मात्र हाच देश दुसऱ्या दाराने आत शिरलात तर महाग आहे, आणि हे सहल कंपन्या ठळकपणे सांगत नाहीत. सिगिरिया, पोलोन्नारुवा अशा वारसास्थळांचे तिकीट परदेशी माणसाला डॉलरच्या हिशोबात लागते आणि स्थानिकाच्या तिकिटाशी त्याची तुलनाच होत नाही. यावर चिडण्याचे कारण नाही : घारापुरीच्या लेण्यांना आपण भारतीयाकडून चाळीस आणि परदेशी पाहुण्याकडून सहाशे रुपये घेतो, आणि त्याच घारापुरीला सार्क देशांच्या नागरिकांना मात्र भारतीयांचाच दर लावतो. श्रीलंकेतही अनेक प्राचीन स्थळांवर सार्क पासपोर्टला सवलत आहे. पण खिडकीवर पासपोर्ट दाखवून मागितली तरच ती मिळते. अभयारण्यातली जीपसफारी तर प्रवेशशुल्क, सेवाशुल्क, गाडीभाडे आणि कर मिळून एका कुटुंबाचे दोन दिवसांचे बजेट खाते. चहाच्या मळ्यांतून जाणाऱ्या कँडी-एला गाडीच्या आरक्षित जागा दलालांच्या हाती गेल्या की त्यांचाही भाव चढतो. ज्याला सिगिरिया, सफारी, ती गाडी आणि समुद्रकाठचे मोठे हॉटेल हे सगळे सहा दिवसांत हवे आहे, त्याने श्रीलंका स्वस्त आहे असे समजून येऊ नये. त्याऐवजी सिगिरियासमोरच्या पिदुरंगलाच्या खडकावर चढायला थोडेच पैसे लागतात आणि सिगिरियाचा सुळका तिथूनच सर्वांत चांगला दिसतो.

हीच कसोटी इतर देशांना लावली की चित्र पालटते. भूतान भारतीयाला जवळचा आणि व्हिसाविना, पण 2022 पासून दर रात्री माणशी 1200 रुपयांचे विकासशुल्क आहे. चौघांच्या पाच रात्रींचे चोवीस हजार हॉटेलच्या आधीच गेले. मालदीवमध्ये स्वस्त गेस्ट हाउस मिळाले तरी लांबच्या बेटावर पोहोचणे महाग पडू शकते. दुबईचे विमान स्वस्त, मेट्रोही उत्तम, पण दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे. आपला रुपया घसरला की सहल आपोआप महागते. नेपाळ या कसोटीवर पहिला येईल, आणि ज्यांचे बजेट अगदी ताणलेले आहे त्यांना मी आधी नेपाळच सांगेन : पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते.

याला पहिला आक्षेप घरातूनच येतो. पॅकेजमध्ये मराठी सोबत असते, वरणभात मिळतो, आईवडिलांची काळजी घेतली जाते. पैसे वाचवण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये कोंबायचे का? आक्षेप रास्त आहे. सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन निघालेल्याने पॅकेज घ्यावे आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नये. पण धडधाकट चौघे केवळ भीतीपोटी पॅकेज घेतात तेव्हा ते कशाचे पैसे मोजत आहेत ते त्यांना माहीत असावे : मुख्यतः खासगी गाडी आणि स्टार हॉटेल यांचे. भारतीय कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतले की पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल करायचा कर, घेतला जातो. तो प्राप्तिकरात वळता होतो हे खरे, पण विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत पैसे अडकतात. जेवणाचे म्हणाल तर शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. तमिळ वस्तीतली शैव भोजनालये पूर्ण शाकाहारी असतात, इडली-डोसा-भात सर्वत्र आहे. फक्त 'पोल संबोल' या खोबऱ्याच्या चटणीत बऱ्याचदा सुक्या मासळीचा चुरा असतो. तो आहे का ते विचारून घ्यावे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि त्याला बगल देणे मला योग्य वाटत नाही. देश स्वस्त आहे याचा अर्थ तिथले कोणीतरी कमी पैशांत राबते आहे. ज्या चहामळ्यांची छायाचित्रे काढायला आपण जातो तिथल्या कामगारांची, म्हणजे बहुतांशी भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांच्या वंशजांची, रोजंदारी 2021 मध्ये हजार श्रीलंकन रुपये ठरली. आजच्या दराने आपले तीनशेसुद्धा होत नाहीत. पुढे ती वाढली, पण महागाईच्या मानाने नाही. याच लोकांचे नागरिकत्व 1948 च्या कायद्याने हिरावले गेले होते आणि ते पुरते परत मिळायला काही दशके लागली. गिरण्यांच्या भोंग्यावर जगलेल्या वस्तीतल्या वाचकाला स्वस्त मजुरीचा अर्थ शिकवायची गरज नाही. मग तिथे जाऊच नये का? मला तसे वाटत नाही. देश परकीय चलनाअभावी कोसळला, तेव्हा पर्यटकाचा पैसा हा उपकार नव्हे, पण त्याची गरज खरी आहे. फरक पडतो तो पैसा कुठे जातो यावर. कुटुंबाने चालवलेल्या गेस्ट हाउसला दिलेले भाडे, भाताच्या पुडक्याचे पैसे, बसचे तिकीट हे बहुतांशी इथेच राहतात. मुंबईत आगाऊ भरलेल्या पॅकेजमधून इथे किती उतरतात हे ग्राहकाला कळतही नाही. काटकसरीचा प्रवास आणि न्याय्य प्रवास हे इथे बऱ्याच अंशी एकाच दिशेला जातात. अट एकच : तीनचाकीवाल्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नये. त्याचे पन्नास म्हणजे आपले पंधरा.

तिसरी गोष्ट ऋतूची, आणि मुंबईच्या शाळांच्या सुट्ट्या तिच्याशी नीट जुळत नाहीत. या बेटाला दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगरउतारांवर पडतो, तेव्हा पूर्वेकडचा त्रिंकोमालीचा किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते मार्चमध्ये उलट. दिवाळीच्या सुट्टीत मात्र जवळजवळ सर्वत्र पाऊस असतो, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दितवा चक्रीवादळाने शेकडो माणसे दगावली, डोंगरी रेल्वेमार्गाचे मोठे नुकसान झाले. त्या मार्गाची सद्यस्थिती रेल्वेकडून विचारल्याशिवाय कँडीपुढचा बेत आखू नये. 13-14 एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असते; त्या आठवड्यात दुकाने बंद आणि बस तुडुंब. व्हिसाचे शुल्क आणि नियमही गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, तेव्हा ते फक्त सरकारी संकेतस्थळावर पाहावेत.

मेमध्येच निघायचे असेल तर अनुराधापूर आणि त्रिंकोमाली हा बेत मला सर्वांत योग्य वाटतो. दोन्ही ठिकाणी कोलंबोहून रेल्वे जाते. अनुराधापुरात बोधगयेच्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला बोधी आहे आणि जवळच मिहिंतलेची टेकडी आहे. परळच्या बीआयटी चाळीत आयुष्याची अनेक वर्षे काढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मे 1950 मध्ये कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. लालबाग-परळच्या बौद्ध कुटुंबांना या देशाची ओढ वाटते ती उगाच नाही. मेच्या आसपास वेसाक येतो, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. त्या दोन दिवसांत रस्त्यांवर आकाशकंदील लागतात आणि ठिकठिकाणी 'दन्सल' उभी राहते, जिथे येईल त्याला जात, धर्म, देश न विचारता मोफत जेवण वाढतात. मात्र श्रीलंकेचा वेसाक एखाद्या वर्षी आपल्या बुद्धपौर्णिमेहून महिनाभर पुढे असतो. विमानाचे तिकीट काढण्याआधी तिथल्या सुट्ट्यांची यादी पाहा.