चढणीवरचा दम आणि ‘पित्त’

महाडपासून साधारण २५ किलोमीटरवर, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड आहे. जिजाऊंचा वाडा आणि समाधी इथलीच. गडावरची थंड हवा आईसाहेबांना मानवेना, म्हणून महाराजांनी खाली हा वाडा बांधला, असं सांगतात. आईला काय सोसत नाही याकडे लेकाचं लक्ष होतं. मैत्रिणींनो, आपल्या घरात बाईला काय सोसत नाही, याकडे कुणाचं लक्ष असतं? तिचं स्वतःचं तरी असतं का?

पाचाडला गेले होते तेव्हा ताक विकणाऱ्या एका मावशींशी गप्पा झाल्या. म्हणाल्या, “आधी डोक्यावर ओझं घेऊन न थांबता चढायची. आता दोन वळणं झाली की छातीत भरून येतं. पित्त हाय गं बाय, दुसरं काय! जरा बसलं की बरं वाटतं.”

हे ‘बसलं की बरं वाटतं’ फार महत्त्वाचं. चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर ते पुरत नाही आणि छाती आवळते. थांबलं की आराम पडतो. पित्ताची जळजळ बहुधा जेवणाशी जोडलेली असते, चढणीशी नाही. अंगात रक्त कमी असलं तरीही दम लागतो. पण ते तपासूनच कळेल. गेल्या वर्षी सहज चढलेली वाट यंदा जड जात असेल, तर डॉक्टरांना नेमकं तेच सांगा.

हृदयविकार पुरुषांचा, हा समज आता सोडायला हवा. पाळी थांबल्यावर बायकांचाही धोका वाढतो. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती, त्यांनी तर जास्तच जपावं. “मी दिवसभर राबते, मला काय होतंय?” असं आपण म्हणतो. पण मिश्रीतली तंबाखू कष्टांनी धुऊन जात नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात सुकट, पापड, लोणचं सगळं आलं!

तिशीनंतर बीपी आणि साखर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. बीपी वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर औषध सुरू करायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील. सुरू झालेली गोळी बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका.

छातीवर दाब येतो, तो बसूनही जात नाही, दरदरून घाम फुटतो, जबडा, पाठ किंवा हात दुखतो, मळमळतं, श्वास पुरत नाही, अशा वेळी ओवा-सोडा घेत बसू नका. बायकांमध्ये कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम आणि कमालीचा थकवा येतो. घाटातल्या गावाहून दवाखाना लांब, म्हणून ‘सकाळी बघू’ नको. लगेच १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे.

सासऱ्यांच्या गोळीची वेळ, मुलाच्या लसीची तारीख आपल्याला पाठ असते. या आठवड्यात आणखी एक आकडा पाठ करा, तुमच्या स्वतःच्या बीपीचा.