विम्याच्या फॉर्मवरचा तंबाखूचा रकाना

कोलकात्याहून बोलतोय. आजचा विषय आयुर्विमा, आणि त्यातही फॉर्ममधला एकच प्रश्न: तुम्ही तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेता का?

या विषयाशी आमच्या शहराचं जुनं नातं आहे. भारतातली पहिली आयुर्विमा कंपनी, ओरिएंटल लाइफ, १८१८ साली इथेच निघाली. आणि इम्पीरियल टोबॅको, म्हणजे आजची आयटीसी, तीही १९१० साली इथेच सुरू झाली. विमा कंपनी माणूस किती जगेल याचा हिशेब मांडते. सिगारेटमुळे तो हिशेब बदलतो. म्हणून ती विचारते, आणि खरं उत्तर देणाऱ्याकडून हप्ता जास्त घेते.

पहिली गोष्ट, 'कोणत्याही स्वरूपात' हे शब्द नीट वाचा. आपल्याकडे 'मी सिगारेट ओढत नाही' म्हणणारा माणूस तळहातावर चुना-तंबाखू मळत असतो. सकाळी मिश्री लावणाऱ्या मावशींना तर आपण तंबाखू घेतो हे मान्यच नसतं. इथे कोलकात्यात पानातला जर्दा कुणी मोजत नाही. फॉर्मच्या लेखी विडी, गुटखा, जर्दा, मिश्री, तपकीर सगळं तंबाखूच.

दुसरी गोष्ट, तपासणी. निकोटीन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं. निकोटीन काही तासांत निघून जातं, पण कोटिनिन लघवीत काही दिवस सापडतं. ते ओढलेल्या तंबाखूचं की खाल्लेल्या, हा भेद तपासणी करत नाही. एलआयसीच्या 'टेक टर्म' योजनेत धूम्रपान न करणाऱ्यांचा कमी दर याच तपासणीच्या आधारे दिला जात असे. चार दिवस थांबून ती पार करता येईलही. पण मग पुढे काय?

पुढे कायदा येतो. विमा कायदा १९३८, कलम ४५. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला ती कोणत्याही कारणावरून नाकारता येत नाही. हे ऐकून काही जण म्हणतात, 'तीन वर्षं काढली की सुटलो.' मरण काही तीन वर्षांची मुदत देऊन येत नाही. शिवाय बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर तिथून तीन वर्षं नव्याने मोजली जातात.

आणि या तीन वर्षांत माणूस गेला तर? कंपनी दवाखान्याचे कागद मागवते. दाखल करताना डॉक्टर विचारतात, व्यसन काय? घाबरलेली बायको किंवा मुलगा खरं तेच सांगतो: 'वीस वर्षांपासून तंबाखू.' ते केसपेपरवर उतरतं. फॉर्मवर 'नाही' आणि केसपेपरवर 'वीस वर्षं'. कंपनीने फसवणुकीचा ठपका ठेवला, तर विमाधारक हयात नसताना ती फसवणूक नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी कलम ४५ वारसावर टाकतं. म्हणजे खोटं लिहिलं नवऱ्याने, आणि पुरावे शोधायचे विधवेने.

कुणी २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाकडे बोट दाखवेल. त्या प्रकरणात विमाधारकाने कंबरेच्या मणक्याचा आजार लपवला होता, मृत्यू हृदयविकाराने झाला. त्या दोन्हींचा संबंध नाही म्हणून न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला. पण तंबाखूचा संबंध हृदयाशी, फुप्फुसाशी, तोंडाच्या कर्करोगाशी, सगळ्यांशीच आहे. तो आधार इथे टिकणं कठीण.

आता पैशाचं बोलू. समजा खोटं लिहून वर्षाला सहा हजार रुपये वाचले. म्हणजे दिवसाला साडेसोळा रुपये. त्यासाठी आपण पन्नास लाखांचं संरक्षण पणाला लावतो.

मग करायचं काय? फॉर्म स्वतः भरा, निदान वाचल्याशिवाय सही करू नका. एजंट 'नाही लिहा साहेब, सगळे तेच लिहितात' म्हणाला, तरी सही तुमची असते. रोज किती, किती वर्षांपासून, सोडली असेल तर कधी, हे स्पष्ट लिहा. फॉर्म दिल्यानंतर आणि पॉलिसी मंजूर होण्याआधी काही बदललं तर कळवा. पॉलिसी हाती आली की सोबतची फॉर्मची प्रत तपासा. न पटल्यास परत करायला ३० दिवस असतात. आणि पूर्वी चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. हप्ता वाढेल, कदाचित कंपनी नकारही देईल. पण तो नकार तुम्ही जिवंत असताना येईल, दुसरा मार्ग शोधायला तुम्ही असाल.

सैन्यात वारसाचं नाव कागदावर बरोबर आहे ना, हे आम्ही पुन्हा पुन्हा तपासून घ्यायचो. कारण तो कागद उघडला जातो तेव्हा ज्याचा तो असतो, तो बोलायला नसतो. विम्याचा फॉर्मही तसाच आहे. आज घरी गेल्यावर तुमची पॉलिसी काढा आणि तंबाखूच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. बायकोलाही वाचायला द्या.

जय हिंद.