नदीवरचा दुसरा पूल

नीरेकाठच्या वालचंदनगरापासून मुठेकाठच्या पुण्यापर्यंत, नदीकाठीं वाढणाऱ्या प्रत्येक गांवास केव्हां ना केव्हां एक पूल अपुरा पडूं लागतो. मग दुसऱ्या पुलाची मागणी होते. मागणी रास्तच असते. पण तो पूल कोठें उतरावा, किती उंच असावा आणि त्याच्या दोन्ही तोंडांशीं किती मोकळी जागा असावी, याचा विचार मागाहून होतो. पुण्याचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे.

पानिपतच्या युद्धानंतर १७६१ सालीं नानासाहेब पेशव्यांनीं मुठेवर लाकडी पूल बांधविला, अशी परंपरा आहे. पुढें तो दगडी झाला, संभाजी पूल असें त्याचें नामकरणही झालें. तथापि लोकांच्या तोंडीं तो लकडी पूलच राहिला. शनिवारवाड्याजवळ १९२३ सालीं लॉइड पूल झाला. आज त्यास शिवाजी पूल असें नांव आहे. शंभर वर्षें उलटूनही पुणेकर त्याला ‘नवा पूल’च म्हणतात!

या पुलांनीं पेठांना नदीपलीकडची वाट करून दिली. भांबुर्डें गांवाचें शिवाजीनगर झालें, डेक्कन जिमखान्याची वसाहत उभी राहिली. पूल गर्दीला वाट देतो, तसेंच नव्या वस्तीला आमंत्रणही देतो. १९५१ च्या शिरगणतींत पांच लाखांच्या आंत असलेली पुण्याची वस्ती २०११ मध्यें एकतीस लाखांवर गेली. मधल्या काळांत म्हात्रे पूल, यशवंतराव चव्हाण पूल असे कितीतरी पूल झाले; गर्दी मात्र हटली नाहीं.

असें कां व्हावें? वाहनें पुलाच्या मध्यावर क्वचितच अडतात. तीं अडतात पुलाच्या तोंडाशीं. तेथें चार दिशांचे प्रवाह एका चौकांत मिळतात आणि सिग्नलचा वेळ चौघांत वांटावा लागतो. नरसाळ्याचें तोंड रुंद केलें म्हणून त्याची नळी रुंद होत नाहीं. डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञानें १९६८ सालीं तर असें दाखवून दिलें कीं, कांहीं परिस्थितींत नवा रस्ता जोडल्यानें सर्वांचाच प्रवास लांबतो. कारण जो तो आपल्यापुरती सोयीची वाट धरतो आणि सारे एकाच ठिकाणीं येऊन पडतात.

उंचीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. नारायण पेठेस डेक्कन जिमखान्याशीं जोडणारा भिडे पूल ठेंगणा आहे. खडकवासल्याच्या धरणांतून अधिक पाणी सोडलें कीं तो बुडतो आणि ऐन पावसाळ्यांत त्याचा सारा भार शेजारच्या पुलांवर पडतो. उलट, पुलास खांब फार झाले तर ते नदीचें पात्र अडवितात व वरच्या अंगास पाण्याचा फुगवटा येतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां मुठेचें पाणी काय करूं शकतें, हें पुण्यानें पाहिलें आहे. म्हणून पुलाची उंची नेहमींच्या पाण्यावरून ठरवून चालत नाहीं. महापुराची रेघ पाहूनच ती ठरवावी लागते.

हा धडा बारामती-इंदापूरच्या टापूनें आतांच घ्यावयास हवा. नीरा बऱ्याच अंतरापर्यंत पुणें जिल्ह्याची सीमा आहे; पैलतीरींच्या गांवांशीं बाजारहाट, शाळा, सोयरीक सारें पुलावरूनच चालतें. गळिताच्या हंगामांत उसाच्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हां वाटेंत अडकलेल्या रुग्णाची घटकाही मोलाची असते. दुसरा पूल आज बांधणें शक्य नसलें, तरी त्याच्या दोन्ही तोंडांची जागा आज राखतां येते. आज तेथें शेत आहे. उद्यां घरें आणि दुकानें उभीं राहतील. मग रस्ता रुंद करावयाचा तर कोणाचें तरी छप्पर मोडावें लागेल. पुलाचा खर्च सर्वांच्या करांतून भागतो. उशीराची किंमत मात्र त्या थोड्या कुटुंबांना भरावी लागते.